दिवाळीआधीचा लेख

परभणी
२ ऑक्टोबर १९३८

सौ. महादेवीस आशीर्वाद.

चार दिवसांत येते असं आईला सांगून तू ताडकळसला माहेरी गेलीस, त्याला पंधरवडा होऊन गेला. रस्त्यावर टांगा वाजला की आई दारात जाते. मी जात नाही. जाताना तू थंडीतली वाकळ बरोबर घेतलीस, ते मी पाहिलं होतं.

शाळेला कुलूप लागलं त्याचं यांना काहीच नाही, असं तू तुझ्या वडिलांसमोर म्हणालीस. तेव्हा मी बोललो नाही. रेवणप्पांच्या घरात रेवणप्पांपुढं बोलायची मला सवय नाही. त्यांनीच मला मुंबईला शिकायला ठेवलं आणि त्यांनीच मुलगी दिली. आता लिहितो. मोहर लावायला कारकून आला तेव्हा मी समोर पानाच्या दुकानापाशी उभा होतो. तू पायरीवर होतीस, मुली तुझ्या पाठीशी. तो लाख वितळवत होता आणि तू त्याला सांगत होतीस की आत पाण्याचा माठ भरलेला आहे, तेवढा बाहेर काढू द्या. मी रस्ता ओलांडला नाही. ओलांडून काय करणार होतो?

मी शाळेविरुद्ध लिहिलेलं नाही. इमारतीविरुद्ध लिहिलं. हा फरक परभणीत कुणाला कळत नाही, पण तुला कळायला हवा होता. मराठी शाळेची परवानगी काढायला रेवणप्पांनी किती खेटे घातले ते मला ठाऊक आहे. मुली गोळा करत तू घरोघर फिरलीस, लोकांनी तुला दारातून काय काय ऐकवलं, तेही ठाऊक आहे. म्हणून डोळे मिटून घ्यायचे? रस्त्यावरून पाहिलं तर राजवाडा. चार खांब, मधे कमान, कमानीवर तुझ्या आईचं नाव, ‘गौराबाई कन्याशाळा’. आत गेलं की वर्ग शोधावे लागतात. पुढची सगळी बाजू दुकानांना दिलेली, मागची जिनिंगच्या भिंतीला टेकलेली, मधे पत्र्याखाली वर्ग. उजेडाला यायला वाटच नाही. चैत्रात मुलींच्या अंगावर घामोळं फुटलं, हे तूच घरी येऊन सांगितलंस. मी ते लिहिलं. ‘या खोल्यांत ज्वारी ठेवली तरी कुबट होईल, इथे मुली ठेवल्या आहेत.’

शाळा बंद करायच्या हुकुमात हे वाक्य जसंच्या तसं उर्दूत आलं आहे. तरजुमा चांगला उतरलाय, असं दिनकररावांनी हैदराबादेहून कळवलं. त्यांच्या साप्ताहिकात ‘ओळंबा’ या नावानं मी तीन वर्षं इमारतींवर लिहितो आहे. सरकारनं वाचलेला हा पहिलाच लेख. उर्दूत तो कुणी नेला, कुणी साहेबांपुढं ठेवला, त्याला जाऊन विचारा. आणि ‘ओळंबा’ हे नाव तूच सुचवलं होतंस, हेही विसरू नकोस.

मोंढ्यात रेवणप्पा सांगतात की शाळेचा नक्शा जावयाला काढायला दिला नाही म्हणून त्यानं दावा साधला. मी तामिरात खात्यात सरकारी इमारतींचे नक्शेच काढतो, घरचा जावई आहे, आणि नक्शा आला सोलापूरच्या माणसाकडून. ठीक आहे. शाळा त्यांची, मर्जी त्यांची. माझ्या मनात त्याचं काही नाही.

आणि मी लिहिण्याआधी बोललो असतो, तरी रेवणप्पांनी ती दुकानं सोडली असती, असं तुला खरंच वाटतं?

उत्तर लिही. आईचे गुडघे दुखतात, बाकी बरी आहे.

शिवलिंग


पेडगाव
१९ डिसेंबर १९३८

महादेवीस,

आम्ही पेडगावला आलो. परभणीचं घर सोडलं. यापुढं पत्र इथं घाल.

नोकरी मी सोडली. म्हणजे असं, की मोठ्या साहेबांनी आत बोलावलं, खुर्ची दिली आणि चहा मागवला. तेव्हाच मी ओळखलं. नक्शे काढणाऱ्याला आमच्या कचेरीत कुणी चहा देत नाही. ‘ओळंबा’ कोण हे त्यांना कळलं होतं. म्हणाले, “शिवलिंग, तुम सच लिखे. मेरे कू मालूम है, सच लिखे. लेकिन सरकारी नौकर का सच पहले सरकार के पास आना था. अखबार में पढ़ना पड़ा मेरे कू.” मी तिथंच राजीनामा लिहून दिला. माणूस वाईट नाही. उठताना म्हणाला, तुमची रेघ फार साफ आहे, असा हात पुन्हा मिळायचा नाही.

सामान घेऊन निघालो तेव्हा फलाटावर तुझे वडील भेटले. कुणाला तरी पोचवायला आले असतील. मी तोंड फिरवलं नाही. तेच जवळ आले.

“जावईबापू, निघाले?”

“हो.”

“तुमी लिवलं ते बरुबरच असंल. मला त्यातलं काय कळतंय. पण लेकरं घरी बसली की वो.”

मी म्हणालो, “कुलूप मी लावलेलं नाही.”

“न्हाई, न्हाई. तुमी कशाला लावताव.” एवढं बोलून त्यांनी आईची ट्रंक उचलून डब्यात ठेवली. हमाल उभा होता तरी स्वतः उचलली. मला ते आवडलं नाही. माणसानं सरळ शिव्या द्याव्यात.

गाडी सुटल्यावर आई म्हणाली, “व्याह्यानं दुकानं रिकामी केली म्हणं. भिंत बी फोडायलाय.”

मी म्हणालो, “शाळा बंद पडल्यावर भिंत फोडून काय उपयोग?”

बाजारात बाया काहीबाही सांगतात आणि आई ऐकून येते.

इथं आपलं घर धाब्याचं आहे. लहानपणी मला त्याची लाज वाटायची. आता दुपारी आत पडून राहतो तेव्हा कळतं, मातीच्या या जाड छताखाली जेवढं गार वाटतं तेवढं परभणीच्या एकाही बंगल्यात वाटत नाही. यावर लिहिणार आहे. दिनकरराव दर आठवड्याला मजकूर मागतात. त्या लेखानंतर अंक जास्त खपतो म्हणे.

तुझं पत्र नाही.

शिवलिंग


पेडगाव
७ मार्च १९४१

महादेवीस,

तुला आवडेल न आवडेल, पण माझं बरं चाललं आहे. धाब्याच्या घरांवर लिहिलेली लेखमाला हैदराबादेत इंजिनियर लोकांनी वाचली. त्यांच्या मेळाव्यात मला बोलावलं. अर्धं मराठीत, अर्धं मोडक्या उर्दूत बोललो. म्हणालो, आमच्या भागात आभाळ आग ओकतं आणि तुम्ही लोखंडी पत्रा घालता. आमच्या आज्यांनी पांढऱ्या मातीनं जे केलं ते तुम्ही एकदा आत झोपून बघा. लोक हसले, मग टाळ्या वाजवल्या. एका म्हाताऱ्या इंजिनियरनं माझा हात बराच वेळ सोडला नाही. त्या वेळी मला एकाएकी वाटलं, हे कुणाला तरी घरी जाऊन सांगावं.

आता कुणी नवीन इमारत बांधली की आधी विचारतात, ओळंबा काय लिहील? एका जिनवाल्यानं मुंबई पाहून बंगल्याला सज्जा काढला, वारा येतो त्याच्या नेमका उलट्या अंगाला. मी चार ओळी लिहिल्या. त्यानं सज्जा पाडला. माझ्या लिहिण्यानं काही पडलंच, तर ते असं पडतं. हे तुला कळावं म्हणून लिहिलं.

हैदराबादला जाता येता गाडी परभणीला बराच वेळ उभी राहते. लोक उतरून भजी खातात. मी डब्यातच बसतो. उन्हात उतरायचा कंटाळा येतो.

आई मागच्या आठवड्यात ताडकळसच्या बाजाराला गेली होती. बाजार पेडगावलाही मिळतो, पण तिला तिथलाच हवा होता. परत आल्यावर मी काही विचारलं नाही. तिनंच सांगितलं.

“ओसरीत पोरी घिऊन बसलीय. पाटीवर लिहायलायत. मला बघून उठली, पाया पडली, च्या केला.”

“काही म्हणाली का?”

“म्हणली, आत्या, गुडघ्याला निरगुडीचा पाला बांधा, गरम करून.”

“आणिक?”

“आणिक काय म्हणंल? तुझं नाव काढलं न्हाई. मी बी न्हाई काढलं.”

आई आता रोज पाला बांधते. उतार आहे.

एक गोष्ट लिहून टाकतो. त्या दिवशी सकाळी, भाकरी वाढताना, तू मला काहीतरी सांगत होतीस. दिवाळीचं काहीतरी. मला कचेरीची घाई होती आणि मी नीट ऐकलं नाही. लेख तोवर टपालात पडला होता की नव्हता, हेही आता सांगता येणार नाही. तू तेवढंच मनात धरून बसली असशील म्हणून लिहिलं.

शिवलिंग


हैदराबाद
२८ नोव्हेंबर १९४३

महादेवीस,

सोबत पुस्तक पाठवतो आहे. निवडक लेख आहेत, नाव ‘ओळंबा’च ठेवलं. कागद मिळत नाही अशा दिवसांत दिनकररावांनी ते काढलं. पुण्याहून दोन अभिप्राय आले, दोन्ही चांगले. इमारतीबद्दल मराठीत इतकं उघड कुणी लिहिलेलं नाही, असं एकानं म्हटलंय. कन्याशाळेवरचा लेख सगळ्यांच्या मते पुस्तकात सर्वांत चांगला आहे.

त्या लेखावरून छापखान्यात थोडी बोलाचाली झाली. दिनकरराव म्हणाले, “परभणीला एकदा जाऊन या. पाच वर्षं झाली. इमारतीत काही फेरफार झाला असेल तर खाली टीप देऊ.”

मी म्हणालो, “लेख त्या दिवसाच्या इमारतीवर आहे. ती तशीच होती.”

“पण वाचणारा आज वाचणार ना, शिवलिंगराव.”

मी म्हणालो, एक शब्द बदलाल तर पुस्तक काढू नका. ते हसले आणि होतं तसं छापलं. टीप म्हणजे कबुलीसारखी दिसते. तुला मी ओळखतो, तूही अशी टीप वाचून तोंड वाकडंच केलं असतंस.

अर्पणपत्रिकेवर तुझं नाव घालणार होतो. खिळे जुळवूनही झाले होते. मग वाटलं, तुझ्या वडिलांना वाटेल मी समझोता मागतो आहे. ते पान कोरं सोडलं. पुस्तक उघडशील तेव्हा पहिलं कोरं पान दिसेल, ते तुझं.

पोच कळव.

शिवलिंग


पेडगाव
१६ फेब्रुवारी १९४६

महादेवीस,

रेवणप्पांच्या मातीला मी आलो होतो, ते तू पाहिलंस. इतक्या माणसांत मला कुणी बस म्हटलं नाही. मी म्हणतही नाही की म्हणायला हवं होतं. आपल्या रिवाजाप्रमाणं त्यांना बसवून नेताना माझा खांदा लागावा असं मला वाटलं, पण पुढं झालो नाही. परभणीच्या मोंढ्यातले, आसपासच्या खेड्यांतले शेतकरी, सगळे आले होते. बायकाही पुष्कळ होत्या, आणि त्यांतल्या काही तरुण बायका तुझ्याजवळ येऊन रडत होत्या. त्या कोण ते मला कळलं नाही.

तू तांब्या घेऊन आलीस. “पाणी घ्या,” म्हणालीस.

मी म्हणालो, “शाळेचं आता...”

“पाणी घ्या,” तू पुन्हा म्हणालीस.

आठ वर्षांत तू माझ्याशी बोललीस ती एवढीच. मी पाणी प्यालो आणि निघालो. तुझ्या केसांत पांढरं आलं आहे.

माझ्याबद्दल तुला कुणीतरी सांगितलंच असेल, म्हणून मीच सांगतो. दिवाळीच्या अंकात एका जहागीरदाराच्या नव्या हवेलीवर मी लिहिलं. त्या दिवाणखान्यात भर दुपारी कंदील लावावा लागतो. मी लिहिलं, ‘उन्हातून आलेल्या पाहुण्याला निववणारी शीतल छाया’. साप्ताहिकाला कागद हवा होता आणि तो मिळवून देणं त्या गृहस्थांच्या हातात होतं. दिनकररावांनी मला काही सांगितलं नाही, फक्त हवेली बघून या म्हणाले. न सांगता कळण्याइतका मी आता जुना झालो आहे. अंक निघाल्यावर एका वाचकाचं पत्र आलं: ‘ओळंब्याची दोरी तुटली काय?’ दिनकररावांनी ते छापलं नाही. मी ठेवून दिलं आहे.

या हवेलीला चांगलं म्हटलं म्हणून कुणाचं काही बिघडलं नाही, हेही खरं. कुणाच्या शाळेला कुलूप लागलं नाही. जहागीरदारानं पेढे पाठवले. खरं लिहिलं तेव्हा बायको गेली, नोकरी गेली, गाव गेलं. तूच सांग यातलं कोणतं लिहीत राहावं.

शिवलिंग


पेडगाव
२१ ऑक्टोबर १९४८

महादेवीस,

आई वैशाखात गेली. तुला कळवलं नाही. टपालाचा भरवसा नव्हता आणि रस्त्यानं माणूस पाठवायची सोय नव्हती. शेवटी शेवटी मला बन्सीधर म्हणून हाक मारायची. तो माझा थोरला भाऊ, पाळण्यातच गेलेला. तुला मात्र तिनं नावानिशी विचारलं. पाला संपलाय, महादेवीला सांग, म्हणाली.

साप्ताहिक गेल्या वर्षी बंद पडलं. दिनकरराव सरहद्दीपलीकडं गेले, पत्ता नाही. आम्ही गावकरी श्रावण-भाद्रपदात रात्री ज्वारीत काढत होतो, दिवसा घरी यायचो. एका दुपारी बंदूकवाले आले, दोन घरं पेटवून गेले. माझं घर राहिलं. धाब्याची माती पेटत नाही. यावर लेख लिहावा असं मनात आलं आणि माझं मलाच कसंतरी झालं.

आता फौजा आल्या, निजामशाही संपली. मराठी शाळेला कुणाच्या पाया पडायची गरज उरली नाही. रेवणप्पांची शाळा पुन्हा सुरू होणार, आणि तू ती चालवणार, असं परभणीहून आलेल्यांकडून ऐकलं. ऐकून बरं वाटलं. आता आपल्यामधे काही उरू नये असं मला वाटतं. तू पेडगावला ये, किंवा म्हणशील तर मी परभणीला बिऱ्हाड करतो.

शाळेवर मी नवा लेख लिहीन. चांगला. पुण्यामुंबईची मासिकं आता माझं छापतील. मराठवाड्यातली पहिली मुक्त कन्याशाळा म्हटलं की लोक वाचतील. पुढची भिंत फोडली असं आई म्हणायची. फोडली असेलही. पण नुसती फोडून भागत नाही. खिडकी किती उंचीवर घेतली, पश्चिमेचं ऊन कसं अडवलं, यावर सगळं आहे. सोलापूरच्या माणसाला ते सुचलं नसणार. मी येऊन बघतो, हवं तर दुरुस्ती सांगतो, मग लिहितो.

दहा वर्षं तू उत्तर लिहिलं नाहीस. एकदा तरी लिही. मी तेव्हा खोटं काय लिहिलं होतं?

शिवलिंग


परभणी
१४ नोव्हेंबर १९४८

शिवलिंगराव यांस,

महादेवीचा नमस्कार. नाव घेऊन लिहिते आहे. आजवर कधी घेतलं नव्हतं.

आत्या गेल्या ते तुमच्या पत्रानंच कळलं. त्यांच्यासाठी मी त्या दिवशी जेवले नाही. त्या वर्षातून एकदा तरी ताडकळसला यायच्या, हे तुम्हाला ठाऊक नसेल. बाजाराचं निमित्त असायचं.

तुमची सगळी पत्रं पोचली. पुस्तकही पोचलं. उत्तर लिहिलं नाही, कारण दर पत्रात तुम्ही जे विचारत होता ते तुम्हाला माहीत होतं. पण तुम्ही ‘नीट ऐकलं नाही’ असं लिहिलं आहे, म्हणून एकदा लिहून ठेवते.

श्रावण होता. तुम्ही पाटावर बसला होता. मी भाकरी वाढली आणि म्हणाले, “आप्पांनी अखेर ऐकलं. दुकानांची मुदत दिवाळीला संपते, ती पुन्हा द्यायची नाहीत म्हणाले. पुढच्या भिंतीला खिडक्या पाडू म्हणाले. खिडक्या कुठं घ्यायच्या ते जावईबापूंना विचार, सोलापूरच्या माणसानं फशिवलं, म्हणाले.” चार महिने मी त्यांच्या मागं लागले होते. मला वाटलं तुम्ही खूश व्हाल. तुमचा हात ताटात थांबला. तुम्ही म्हणालात, “दिवाळीपर्यंत लेख शिळा होईल.” मला वाटलं थट्टा करता. मी हसले, आणि भाजी वाढली. लेख तेव्हा टपालात पडलेला नव्हता. कचेरीत जाताना तुम्ही तो टाकला.

आप्पांनी शब्द पाळला. त्याच दिवाळीत दुकानं रिकामी केली, बाहेरच्या बाजूनं भिंत फोडून खिडक्या बसवल्या. उंची मी सांगितली. फरशीवर बसलेल्या मुलीला आभाळ दिसलं पाहिजे, एवढंच मला कळत होतं. मग फिरून परवानगी मागितली. उत्तर आलं, या इमारतीबद्दल तुमच्याच मराठी पत्रात काय छापून आलंय ते बघा. दर वर्षी मागत राहिलो. एका वर्षी शाळाखात्यात नवे साहेब आले, चांगले होते, स्वतः येऊन बघतो म्हणाले. आप्पांनी भिंतींना चुना काढला. तेवढ्यात तुमचं पुस्तक निघालं. साहेबांनी ते आप्पांपुढं ठेवलं आणि म्हणाले, हे तर याच वर्षीचं छापलेलं आहे. खिडक्या होऊन पाच वर्षं झाली होती, शिवलिंगराव. दिनकररावांनी तुम्हाला बघून या म्हटलं होतं, आणि तुम्ही गेला नाहीत, हे तुम्हीच मला हौसेनं कळवलंत. साहेब काही बघायला आले नाहीत.

त्यानंतरही आप्पा परभणीला असले की संध्याकाळी जाऊन त्या खिडक्या उघडायचे आणि लावायचे. बंद राहिल्या की लाकूड फुगतं म्हणायचे. तुमच्याबद्दल त्यांनी वाईट शब्द काढला नाही. मी काढला तर मलाच म्हणायचे, “त्यानं खोटं लिवलं न्हाई, पोरी.” गेल्या उन्हाळ्यात बंदूकवाले तिथं राहिले. त्यांनी चौकटी काढून चुलीत घातल्या. आता नुसती मोकळी भोकं आहेत. उजेड भरपूर येतो.

मागच्या सोमवारी शाळा सुरू झाली. पहिल्या वेळच्या मुलींपैकी चतुरा तुम्हाला आठवत असेल. घामोळं झालेलं तिचंच. शाळेला कुलूप लागलं आणि पुढच्या वैशाखात तिचं लग्न लावून दिलं. आप्पांच्या मातीला माझ्याजवळ रडत होत्या त्या कोण, असं तुम्ही लिहिलं होतं. त्या या मुली. चतुरा सोमवारी तिच्या लेकीला घेऊन आली. मी टाक पुढं केला तर तिनं अंगठा पुढं केला. मी म्हटलं, “चतुरा, तुला सही येत होती.” ती म्हणाली, “येत हुती बाई. मोडली सवय.” मी तिचा अंगठा घेतला. तिच्या लेकीला खिडकीखाली बसवलं.

खोटं काय लिहिलं होतं, असं तुम्ही विचारता. काहीच नाही. खोटं असतं तर माझा राग केव्हाच गेला असता.

मी परत येणार नाही. तुम्ही परभणीला बिऱ्हाड करू नका, आणि खिडक्या बघायला येऊ नका. तुम्हाला दोष सापडेल, आणि तो खरा असेल. नव्या चौकटी करायला सुतार बसवला आहे, तेवढी दुरुस्ती आम्हाला पुरे.

शाळेवर लेख लिहू नका. वाईट नको, आणि चांगलाही नको.

महादेवी